बंडखोरांचा वकील

नंदकिशोर दिघे माझ्याहून चांगलाच मोठा आहे. लिफ्टमध्ये भेटला की मी त्याला काका म्हणते, अहो-जाहो करते, तब्येत कशी आहे तेही विचारते. पण कागदावर मला कोणी बघत नाही, त्यामुळे इथे मी त्याला 'तो'च म्हणणार. त्याने माझं काय बिघडवलं असं विचाराल, तर खरं म्हणजे काहीच नाही. काही माणसं नुसती दिसली तरी आपलं डोकं तापतं, त्यातला तो एक. त्यात तो राहतो माझ्या दारासमोर, म्हणजे दिवसातून निदान एकदा तापायचंच.

आमचं कॉम्प्लेक्स मुलुंडला आहे. सात बिल्डिंगी, मध्ये बाग, बाहेर मोठं गेट. दिघे विमा कंपनीतून वरच्या हुद्द्यावरून निवृत्त झाला आणि निवृत्तीचा हार सुकायच्या आत सोसायटीचा सेक्रेटरी झाला. माणूस देखणा, केस पांढरे आणि मागे वळवलेले, आवाज खर्जातला. बोलता बोलता मध्येच थांबायची त्याला सवय आहे. पुढचा शब्द ऐकायला आपण नकळत मान पुढे करतो आणि त्याला नेमकं तेच हवं असतं. मी घाटकोपरच्या एका कॉलेजात अकाउंट्स शिकवते, वर्गात पोरांना मान वर करायला लावताना माझा जीव जातो. त्यामुळे त्याच्या या कसबाचा मला हेवा वाटतो हेही सांगून टाकते.

त्याचं वेड एकच, डिस्टोपियन कादंबऱ्या. म्हणजे उद्याच्या जगाच्या अशा गोष्टी, जिथे सरकार नाहीतर एखादी कंपनी माणसाच्या श्वासावरही नजर ठेवते, सगळे माना खाली घालून जगतात, आणि मग कोणीतरी एक जण उठतो आणि नाही म्हणतो. हा जो उठतो, तो दिघ्याला फार प्रिय. हॉलची अख्खी भिंत त्याने अशा पुस्तकांनी भरलीय. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच्या घरी आमच्या भागातल्या वाचनालयाचा वाचक कट्टा जमतो. मीही जाते. पुस्तकं मलाही आवडतात, आणि क्षमाकाकूंचे साबुदाणे वडे सोडून घरी बसण्याइतकी मी तत्त्वाची पक्की नाही.

क्षमाकाकू म्हणजे दिघ्याची बायको. घरातल्या सगळ्या खुर्च्या कट्ट्याला लागतात, त्यामुळे त्या स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभ्या असतात. "काकू, बसा ना," म्हटलं की म्हणतात, "तुमचं चालू दे गं, मी आहे इथेच." मग एक पाय उचलून दुसऱ्यावर भार देतात, थोड्या वेळाने पुन्हा बदलतात. "बंड हा माणसाचा श्वास आहे," असं दिघे म्हणतो आणि मान न वळवता रिकामा कप बाजूला धरतो. काकू तो घेऊन जातात.

गेल्या वर्षभर कट्ट्यावर तीनच बंडखोर गाजत होते. तीन वेगवेगळ्या कादंबऱ्यांचे नायक, पण परदेशी नावं तोंडात बसेनात म्हणून आम्ही त्यांना आमचीच नावं देऊन टाकली होती. पहिला घड्याळवाला. त्याच्या शहरात वेळ सरकारच्या मालकीची असते, रेशनसारखी वाटून मिळते. हा टॉवरवरच्या मोठ्या घड्याळाला किल्ली देणारा साधा कारागीर, आणि एक दिवस तो ते घड्याळच फोडून टाकतो. दुसरी मुकी. तिच्या देशात रोज सकाळी चौकात उभं राहून राज्याची स्तुती मोठ्याने म्हणावी लागते. एका सकाळी ती तोंड उघडत नाही, आणि नंतर कधीच उघडत नाही. तिसरा गाडीवान. लोकांना उचलून नेणाऱ्या बंद गाडीचा ड्रायव्हर. एक दिवस तो ठरलेलं वळण घेत नाही, आतल्या माणसांसकट गाडी सरहद्दीपार नेतो.

या तिघांत थोर कोण, यावर आमची डोकी फुटायची बाकी राहिली होती. दिघ्याचं म्हणणं, घड्याळवाला रागाने बंड करतो, मुकी अभिमानाने, आणि गाडीवान स्वतःच्या पापाच्या ओझ्याने. म्हणून गाडीवान सगळ्यांत मोठा, कारण तो स्वतःविरुद्धच बंड करतो. विचार वाईट नाही, मला मान्य आहे. तो त्याचा आहे एवढंच मला खुपायचं. माझी तक्रार निराळी होती. या तिघांनाही घर नाही. घड्याळवाल्याची आई पहिल्याच पानावर मेलेली, मुकीला ना मूल ना नवरा, गाडीवान तर पहिल्यापासून सडाफटिंग. लेखकांनी आधी सगळे नातेवाईक मारून टाकायचे आणि मग नायकाला बंडाला मोकळा सोडायचा. संध्याकाळी घरी कुकर कोणी लावायचा हा प्रश्न त्यांच्यापैकी एकालाही पडत नाही. मी हे म्हटलं की दिघे हसायचा. "रेवती, तू कादंबरीत गॅस सिलिंडर शोधतेस," म्हणायचा. मग सगळेच हसायचे.

आता कुंदाकडे येते, कारण खरी गोष्ट तिची आहे.

कुंदा इंगळे माझ्याकडे पोळ्या करते. माझ्याकडे आणि कॉम्प्लेक्समधल्या आणखी काही घरी. मूळची वाशीमकडची, राहते भांडुपच्या टेकडीवर. मुलगी नर्सिंगला आहे, नवऱ्याचं सांगण्यासारखं काही नाही. तिचा सगळा संसार आमच्या गेटाच्या आत कमावलेल्या पैशांवर चालतो. आणि त्या गेटावर दिघ्याने सेक्रेटरी झाल्याबरोबर एक अ‍ॅप बसवलं होतं. कामाला येणाऱ्या प्रत्येक बाईने गेटावरच्या यंत्राला तोंड दाखवायचं. हिरवी खूण आली तर आत, लाल आली तर बाहेर. सभासदांनी घरबसल्या बायकांना चांदण्या द्यायच्या, पाचपैकी किती ते. आणि सेक्रेटरीने मनात आणलं, तर फोनवर एक बटण दाबून कुठल्याही बाईला सातही बिल्डिंगींतून एका क्षणात बंद करायचं. हे अ‍ॅप पास झालं त्या सभेत दिघ्याने सुरक्षिततेवर इतकं सुंदर भाषण केलं की लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एके दिवशी कामवाल्यांची लिफ्ट बंद होती. सभासदांच्या लिफ्टने त्यांना जायची परवानगी नाही. कुंदा सकाळभर जिन्याने वर-खाली करत होती. शेवटचं घर आटोपून ती बागेतल्या बकुळीखालच्या बाकावर बसली. त्या बाकावर पाटी आहे, 'फक्त सभासदांसाठी'. दिघे त्याच वेळी फेऱ्या मारत होता. त्याने तिला उठायला सांगितलं. ती लगेच उठली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेटावर आली तेव्हा यंत्राने लाल खूण दाखवली. वॉचमन सीतारामने तिला दोनदा तोंड पुसून यायला सांगितलं, बिचाऱ्याला वाटलं घामामुळे यंत्र चुकतंय. तिसऱ्यांदाही लाल आली तेव्हा त्याने मला फोन लावला. मी खाली जाईपर्यंत कुंदा निघून गेली होती.

मी वर आले ती थेट समोरच्या दारावर. दिघे पुस्तकात बोट घालून दारात आला.

"काका, कुंदाला का बंद केलंत?"

"कोण कुंदा?" त्याने जरा आठवल्यासारखं केलं. "हां, ती बाकावरची. हे बघ रेवती, प्रश्न व्यक्तीचा नाही, नियमाचा आहे."

"अहो पण बसली तर बसली. बाक झिजला का?"

"आज एक बसली. उद्या चार जणी डबे उघडून बसतील. आणि मी सांगितल्यावर उलटून बोलली ती मला."

"काय बोलली?"

"'बसू द्या जरा' म्हणाली." त्याने तो त्याचा ठेवणीतला थांबा घेतला. "सेक्रेटरीला! 'बसू द्या जरा'!"

"मग तिने काय सॅल्यूट मारायला हवा होता?"

"तू तापू नकोस. महिनाभराने माफीचा अर्ज दिला तर कमिटी विचार करेल." आणि पुस्तकातलं बोट तसंच ठेवून त्याने दार लावलं. पुस्तक कोणतं होतं ते मी पाहिलं. मुकीचं होतं.

त्या क्षणी मला त्या माणसाची इतकी चीड आली की मी घरात येऊन पोळपाट आपटला. स्वतः पोळ्या लाटायला लागणार होत्या हे एक कारण होतं, नाही म्हणत नाही. पण कुंदाचं बाकावर बसणं माझ्या डोक्यातून जाईना. आपली कुंदा, कधी आवाज न चढवणारी, ती पाटीखाली ठाण मांडून बसते, सेक्रेटरी उभा आहे आणि ती उठत नाही! मला ती मुकीच्या बरोबरीची वाटायला लागली. तिला फोन करून मी तसं सांगितलंही. ती म्हणाली, "ताई, मरोळला एका गाळ्यात पॅकिंगचं काम मिळालंय, दिवसभर उभं राहायचंय, मागून ओरडतायत, ठेवते." आणि ठेवला.

महिनाभराने माफीचा अर्ज! त्याआधीच दुसऱ्या बायका तिची घरं धरणार होत्या, हे दिघ्यालाही कळत होतं. माझ्या बाजूच्या शेजारणीने तर दुसऱ्या बाईशी बोलणीही सुरू केली होती.

अशात आमच्या वाचनालयाचं अभिरूप न्यायालय आलं. हे दर वर्षी भरतं. कादंबरीतली पात्रं आरोपी, एक सरकारी वकील, एक बचावाचा, मध्ये न्यायाधीश. कोणाच्या तरी वकील भाच्याचे काळे कोट मागून आणायचे आणि दोन तास खोटी-खोटी केस लढवायची. आजूबाजूचे सगळे पेन्शनर येतात, काही कॉलेजची मुलंही. बचावाचा वकील कायम दिघे. या वर्षीचे आरोपी अर्थातच घड्याळवाला, मुकी आणि गाडीवान. सरकारी वकील व्हायला कोणी तयार नसतं, कारण दिघ्याकडून भर सभेत हरायची हौस कोणाला असणार? मी हात वर केला.

आमच्या न्यायालयात एक खास प्रथा आहे, आणि ती दिघ्यानेच पाडलीय. सरकारी वकिलाला शेवटी एक 'ऐनवेळचा आरोपी' आणता येतो. आधी न सांगितलेल्या कुठल्याही कादंबरीतलं पात्र. बचावाच्या वकिलाने त्याची बाजू तिथल्या तिथे मांडायची, नाहीतर 'हे पुस्तक मी वाचलेलं नाही' असं सभेसमोर म्हणून खाली बसायचं. आपलं वाचन केवढं अफाट आहे हे दाखवायला त्याने ही प्रथा काढली होती. इतक्या वर्षांत तो एकदाही खाली बसलेला नाही. आणि हा माणूस 'वाचलेलं नाही' हे दोन शब्द मरेपर्यंत उच्चारणार नाही, हे मला त्याच्या बायकोइतकंच पक्कं माहीत होतं.

त्या संध्याकाळी हॉल गच्च भरला होता. न्यायाधीश होते जयवंत सर, शाळेचे जुने मुख्याध्यापक, हातोडा म्हणून त्यांनी घरच्या खलबत्त्यातला बत्ता आणला होता. मी आरोपपत्र वाचलं. घड्याळवाल्याने घड्याळ फोडलं त्या दिवशी किती जणांचं रेशन चुकलं, ते त्याने मोजलं का? मुकी गप्प राहिली, पण चौकात तिच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईला त्यापायी फटके बसले, त्या बाईचं नाव लेखकाला तरी ठाऊक आहे का? गाडीवानाने आतल्यांना सरहद्दीपार नेलं, त्यांच्यापैकी कोणाला मागे घरी जायचं होतं का, हे विचारायला तो एकदा तरी थांबला? लोक हसले, माना डोलावल्या. मग दिघे उठला. कोट त्याला असा बसला होता, जणू जन्मतःच तो घालून आला होता. त्याने माझे तिन्ही मुद्दे हळुवार हाताने उचलून बाजूला ठेवले. "बंडखोराला घर नसतं," तो म्हणाला, थांबला, "कारण जिथे अन्याय दिसेल तिथे त्याचं घर असतं." टाळ्या. मी दात आवळून बसले. तिघंही निर्दोष सुटले.

"सरकार पक्षाचा ऐनवेळचा आरोपी?" जयवंत सरांनी बत्ता आपटला.

मी उभी राहिले. "एका लिथुआनियन कादंबरीची नायिका. नाव कठीण आहे, आपण तिला बाकवाली म्हणू. बचाव पक्षाने ही कादंबरी वाचलीय का?"

दिघ्याने चष्मा काढला, पुसला. "वाचलीय. इंग्रजी अनुवाद थोडा कोरडा आहे. शेवट मात्र अप्रतिम."

मला हवं होतं तेच तो बोलला होता. मी शांत आवाजात कथानक सांगायला घेतलं. सात मनोऱ्यांचं एक शहर. तिथे चाकरी करणाऱ्या बायकांचे चेहरे दारावरचं यंत्र तपासतं. मालक त्यांना गुण देतात. मनोऱ्यांच्या प्रमुखाकडे एक बटण आहे, ते दाबलं की बाई सातही मनोऱ्यांतून पुसली जाते. एक दिवस त्यांच्यातली एक, फक्त मालकांसाठी ठेवलेल्या बाकावर बसते. प्रमुख तिला उठवतो. ती उठत नाही. तो बटण दाबतो. "युअर ऑनर, नियम स्पष्ट होता, पाटी स्पष्ट होती. बाकवाली दोषी आहे."

काही जणांनी एकमेकांकडे बघितलं. आमच्याच कॉम्प्लेक्समधल्या दोन बायकांनी तर तोंडाला पदर लावला. पण दिघे तोपर्यंत डोळे मिटून सुरू झाला होता, आणि तो सुरू झाला की त्याला समोरचं काही दिसत नाही.

"माय लॉर्ड, घड्याळवाल्याच्या हातात हातोडा होता. गाडीवानाच्या हातात स्टिअरिंग होतं. हिच्या हातात काय होतं? काहीही नाही. ती नुसती बसली. तो बाक हीच तिची रणभूमी! तिघांहून ही मोठी, कारण तिचं बंड सर्वांत लहान जागेत मावतं." थांबा. "आणि तो प्रमुख? बटण दाबणारा हात हा भ्याडाचा हात असतो. ज्याला समोरच्या बाईच्या डोळ्यांत बघता येत नाही, तो बटण शोधतो. पाट्या लावणारी माणसं आतून रिकामी असतात, माय लॉर्ड!"

हॉल दणाणला. मागच्या बाकावरची कॉलेजची मुलं शिट्ट्या वाजवायला लागली. मी थांबले, आवाज खाली बसू दिला.

"बचाव पक्षाला एकच प्रश्न. त्या प्रमुखाला शिक्षा काय व्हावी?"

"एकच," दिघे म्हणाला. "त्याने त्या बाईला सन्मानाने परत आणावं, आणि सगळ्यांच्या देखत त्याच बाकावर बसवावं."

"मान्य!" जयवंत सरांनी इतक्या जोरात बत्ता हाणला की टेबलावरचा तांब्या हलला. "बाकवाली निर्दोष. प्रमुखाला सांगितलेली शिक्षा."

"युअर ऑनर," मी म्हटलं, "ही कादंबरी अजून कोणी लिहिलेली नाही. बाकवालीचं नाव कुंदा इंगळे, ती भांडुपला राहते. सात मनोरे म्हणजे आमचं कॉम्प्लेक्स. आणि बटण दाबणारे आपले विद्वान बचावाचे वकील आहेत."

दिघ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला तो मी डोळे भरून पाहिला. इतकं सुख मला प्रमोशनचं पत्र मिळालं तेव्हाही झालं नव्हतं. पण ते टिकलं किती? त्याने चष्मा चढवला, लोकांकडे बघितलं, आणि चक्क हसला.

"मी पहिल्या वाक्यालाच ओळखलं होतं," तो म्हणाला. "पण म्हटलं, पोरगी एवढी तयारी करून आलीय, तिला बोलू दे. माझ्या चुकीची कबुली द्यायला मला याहून चांगली जागा कुठे मिळाली असती?"

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! मघापेक्षा जास्त! जयवंत सरांनी उठून त्याला मिठी मारली. मी काळ्या कोटात घामाघूम होऊन उभी होते, आणि माझ्याच सापळ्यातून तो हार घालून बाहेर पडत होता. बोंबलावं असं वाटलं मला. घरी जाईपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा मेसेज आला होता, 'साहित्य माणसाला आतून बदलतं.' खाली कार्यक्रमाची सूचना. रविवारी दुपारी बागेत शिक्षेची जाहीर अंमलबजावणी, सर्वांनी उपस्थित राहावं, अल्पोपाहाराची सोय आहे.

मी दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी भांडुपला टेकडी चढून कुंदाच्या घरी गेले. ती उंबऱ्यात बसून पायाला बाम चोळत होती. मला वाटलं होतं ती खूश होईल. सगळं ऐकून तिचा पायावरचा हात थांबला.

"माझं नाव घेतलंत तिकडे?"

"घ्यावं लागलं गं. त्याशिवाय त्याची जिरली नसती."

"किती माणसं होती?"

"हॉल भरला होता."

"मला विचारायचं तरी ना, ताई." तिने बामाचं झाकण लावलं. "तुमची दोघांची भांडणं. आता सगळी म्हणणार, ही बघ ती भांडखोर, बाकावर बसणारी. मी काय भांडले होते?"

मला तिचाही राग आला, खोटं कशाला बोलू. जिच्यासाठी एवढं केलं, ती असं बोलते! मी तिला म्हटलं, "अगं, यायचंय की नाही तुला परत?" ती म्हणाली, "येणार ना. न येऊन सांगते कोणाला? पोरीची परीक्षा आहे." मी उतरताना तिने वरून बॅटरी धरली, पायऱ्या तुटलेल्या आहेत म्हणून.

रविवारी बागेत खुर्च्या मांडल्या होत्या. बकुळीला फ्लेक्स बांधला होता, त्यावर दिघ्याचा फोटो आणि खाली 'बंड ते बदल'. कट्ट्याची सगळी मंडळी आली होती. सगळ्यांच्या मागे क्षमाकाकू वड्यांच्या पातेल्यापाशी उभ्या होत्या. गेटावरच्या यंत्राने हिरवी खूण दाखवली आणि कुंदा आत आली. गाळ्यात रविवारीही अर्धा दिवस काम होतं, तिथूनच तशी आली होती, खांद्याला पिशवी, पायात झिजलेली चप्पल. सीताराम तिच्याकडे बघून हसला, तर ती त्याच्याकडे बघून हसलीही नाही.

दिघ्याने भाषण केलं. घड्याळवाला आला, मुकी आली, गाडीवान आला. या सगळ्यांच्या रांगेत आता आपली कुंदा, असं तो म्हणाला. कुंदा खाली बघत होती. मग त्याने तिचा दंड धरून तिला बाकाकडे नेलं आणि बसवलं. स्वतः शेजारी उभा राहिला. फोटो निघाले. एकदा त्याने हात तिच्या डोक्यावर ठेवला, एकदा पाटीकडे दाखवला. फोन काढून ग्रुपवर फोटो कसे आलेत ते बघितलं, मान डोलावली.

"झालं," तो म्हणाला. "ऊठ आता. खुर्च्या आवरायच्यात."

कुंदा उठली नाही.

"अगं, झाला कार्यक्रम. ऊठ."

"बसू द्या जरा," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं, ना राग, ना हट्ट. "सकाळपासून उभी आहे. पाय दुखतात."

एवढंच. त्या दिवशीही एवढंच म्हणाली होती. जिने चढून-उतरून तिचे पाय दुखत होते म्हणून ती बसली होती, आणि त्यातून आम्ही दोघांनी रणभूमी काढली, लिथुआनिया काढला, फ्लेक्स छापला. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

दिघ्याच्या हातात फोन होताच. त्याचा अंगठा स्क्रीनवर गेला. मी बघितलं, सीतारामनेही बघितलं, आणि मला वाटतं कट्ट्यावरच्या प्रत्येकाने बघितलं. कोणीही बोललं नाही. मीसुद्धा नाही. माझं तोंड, जे एरवी बंद होत नाही, ते त्या वेळी उघडेना.

मागे पातेल्याचं झाकण वाजलं. क्षमाकाकू पदराला हात पुसत खुर्च्यांमधून वाट काढत पुढे आल्या. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. बाकापाशी येऊन त्यांनी एका हाताने पाठ धरली.

"सरक गं जराशी," त्या कुंदाला म्हणाल्या. "माझेही दुखतात."

कुंदाने पिशवी मांडीवर घेतली. काकू बसल्या, आणि बसताना त्यांच्या तोंडून असा सुस्कारा निघाला की तो अख्ख्या बागेला ऐकू गेला. जयवंत सर वडा हातात धरून थांबले होते. दिघे फोन घेऊन तसाच उभा राहिला. त्याला चहा हवा होता बहुतेक, कारण त्याने सवयीने दुसरा हात बाजूला धरला, पण कप द्यायला तिथे कोणी नव्हतं.